मानवी चेतासंस्थेची रचना आणि कार्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चेतासंस्था आणि मज्जासंस्था एकच की वेगवेगळ्या?

दोन्ही नावे एकाच संस्थेची आहेत. बोलण्यात मज्जासंस्था हा शब्द अधिक रुळलेला आहे, तर शालेय विज्ञानाच्या पुस्तकांत चेतासंस्था हा शब्द आढळतो. मज्जासंस्था या नावामुळे एक गोंधळ मात्र हमखास होतो. हाडांच्या पोकळीत असणाऱ्या आणि रक्तपेशी तयार करणाऱ्या अस्थिमज्जेचा या संस्थेशी काहीही संबंध नाही, परंतु दोन्हीकडे ‘मज्जा’ असल्यामुळे मज्जारज्जूला इजा झाली की रक्त तयार होणे थांबेल, अशी भीती पुष्कळांना वाटते. म्हणून पुढील उत्तरांत चेता, चेतापेशी आणि (मज्जारज्जूऐवजी) मेरुरज्जू हेच शब्द वापरले आहेत.

असाच घोळ ‘नस’ या शब्दाचा आहे. सुई टोचताना ‘नस सापडत नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा ती रक्तवाहिनी असते, आणि ‘मणक्यात नस दबली आहे’ असे म्हणतो तेव्हा ती चेता असते. रक्तवाहिनी ही रक्त वाहून नेणारी पोकळ नळी आहे. चेता आतून पोकळ नसते; ती संदेश नेणाऱ्या अतिशय बारीक तंतूंची, आवरणात गुंडाळलेली जुडी असते.

या संस्थेचे मुख्य भाग कोणते?

मेंदू आणि पाठीच्या कण्यातून खाली जाणारा मेरुरज्जू मिळून मध्यवर्ती चेतासंस्था होते. मेंदूपासून निघणाऱ्या चेतांच्या १२ जोड्या आणि मेरुरज्जूपासून निघणाऱ्या ३१ जोड्या, तसेच त्यांच्या शरीरभर पसरलेल्या शाखा, यांना परिघीय चेतासंस्था म्हणतात. हृदय, आतडी, ग्रंथी, रक्तवाहिन्या यांचे काम आपल्या इच्छेशिवाय चालवणारा भाग म्हणजे स्वायत्त चेतासंस्था. ही विभागणी अभ्यासाच्या सोयीची आहे. प्रत्यक्षात पायाच्या बोटापासून निघालेला एकच तंतू परिघीय भागातून मध्यवर्ती भागात शिरतो, आणि वाटेत त्याला कोठेही सीमा ओलांडल्याची जाणीव नसते.

चेतापेशी इतर पेशींहून वेगळी कशी?

मुख्यतः आकाराने आणि आपल्या पटलावर, म्हणजे पेशीच्या पातळ आवरणावर, विजेचा बदल घडवून तो दूरवर पोहोचवण्याच्या क्षमतेने. प्रत्येक चेतापेशीला केंद्रक असलेला पेशीकाय असतो, संदेश स्वीकारणाऱ्या वृक्षिका नावाच्या पुष्कळ फांद्या असतात आणि संदेश पुढे नेणारा, बहुधा एकच, अक्षतंतू असतो. पेशीकायाची रुंदी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असली, तरी अक्षतंतू मात्र प्रचंड लांब असू शकतो. पायाच्या अंगठ्याचे स्नायू हलवणाऱ्या पेशीचा पेशीकाय पाठीच्या कण्यात असतो आणि तिचा अक्षतंतू सुमारे १ मीटर अंतर कापून तळपायापर्यंत जातो.

या पेशी सुट्या आहेत की सलग जाळे, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात तीव्र वादाचा होता. इटलीच्या कामिलो गॉल्जी यांनी १८७३ मध्ये चांदीच्या क्षारांनी पेशी रंगवण्याची पद्धत शोधली. तिचे वैशिष्ट्य असे, की ती दाट गर्दीतील मोजक्याच पेशी काळ्याभोर रंगवते, परंतु ज्या रंगवते त्या शेवटच्या फांदीपर्यंत. स्पेनचे सांतियागो रामॉन इ काहाल यांनी हीच पद्धत सुधारून हजारो नमुने पाहिले, हाताने चित्रे काढली आणि प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र आहे, तिचा तंतू दुसऱ्या पेशीत विलीन होत नाही, असा निष्कर्ष मांडला. १९०६ चा नोबेल पुरस्कार दोघांना मिळून दिला गेला, आणि गॉल्जी यांनी त्या प्रसंगीच्या व्याख्यानातही सलग जाळ्याचीच बाजू घेतली. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दोन पेशींमधील फट प्रत्यक्ष दाखवली आणि काहाल यांचे म्हणणे पक्के झाले. पुढे ही फट पुन्हा येणार आहे, म्हणून तिचा इतिहास येथे थोडा विस्ताराने दिला आहे.

मेंदूत एकूण किती चेतापेशी असतात?

सुमारे ८६ अब्ज. पूर्वी १०० अब्ज हा गोल आकडा सर्रास दिला जात असे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रत्यक्ष मोजणीनंतर तो मागे पडला. विशेष म्हणजे यांपैकी सुमारे ६९ अब्ज पेशी एकट्या अनुमस्तिष्कात (लहान मेंदूत) असतात, तर विचाराशी आपण ज्याचे नाते जोडतो त्या प्रमस्तिष्काच्या (मोठ्या मेंदूच्या) बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या थरात, जेमतेम १६ अब्ज. याच मोजणीत आधार देणाऱ्या सहायक पेशींची संख्याही चेतापेशींच्या जवळपास तितकीच निघाली. त्या दहापट असतात, हे वाक्य अजूनही अनेक ठिकाणी छापले जाते. ते चुकीचे आहे.

चेतेतून संदेश विजेच्या तारेसारखा वाहतो का?

नाही, आणि ही उपमा सोडल्याशिवाय पुढचे काही नीट समजत नाही. तारेत इलेक्ट्रॉन तारेच्या लांबीच्या दिशेने वाहतात. चेतातंतूत सोडियम आणि पोटॅशियमचे आयन (विद्युतभारित कण) पटलाच्या आडवे, म्हणजे आतून बाहेर आणि बाहेरून आत जातात, आणि ही घडामोड तंतूवर पुढे पुढे सरकत राहते. वातीवरून ज्योत सरकत जाते तसे हे आहे. वातीच्या प्रत्येक ठिकाणी जळण तेथलेच असते, म्हणून ज्योत शेवटपर्यंत तितक्याच जोमाने पोहोचते. फरक एवढाच, की चेतातंतू जळून संपत नाही. मिलिसेकंदभरात तो पुन्हा तयार होतो.

विश्रांतीच्या अवस्थेत तंतूचा आतला भाग बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असतो. पटलातील पंप एका फेरीत ३ सोडियम आयन बाहेर टाकून २ पोटॅशियम आयन आत घेतात आणि आयनांची ही विषम वाटणी टिकवून धरतात. उद्दीपन पुरेसे असले की सोडियमची द्वारे उघडतात, आयन आत घुसतात आणि आतला भाग क्षणभर धन होतो. लगेच पोटॅशियम बाहेर जाऊन पूर्वस्थिती येते. तंतूवरून सरकत जाणारा हा क्षणिक बदल म्हणजे आवेग. ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी माकुलाच्या जवळजवळ १ मिलिमीटरपर्यंत जाड असणाऱ्या तंतूवर प्रयोग करून हे सर्व १९५२ मध्ये गणिती समीकरणांत बसवले, आणि १९६३ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता.

वेगाचे काय? १८५० मध्ये हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या चेतेतील वेग मोजला आणि तो सेकंदाला ३० मीटरच्याही आत निघाला, तेव्हा संदेश तत्क्षणी पोहोचतो असे मानणाऱ्यांना मोठा धक्का बसला. माणसात सर्वांत जलद तंतू सेकंदाला सुमारे १२० मीटर वेगाने संदेश नेतात. त्यांच्याभोवती मायलिन नावाचे मेदयुक्त आवरण असते. त्यात ठरावीक अंतरावर उघड्या जागा असतात आणि आवेग एका उघड्या जागेवरून दुसरीकडे उडी घेत जातो. आवरण नसलेल्या बारीक तंतूंचा वेग सेकंदाला सुमारे १ मीटरच भरतो. पायाचे बोट टेबलाला आपटले की आधी आपटल्याचे कळते, मग तीक्ष्ण कळ येते आणि सुमारे सेकंदाने ठसठसणारे दुखणे जाणवू लागते. एकाच आघाताच्या बातम्या वेगवेगळ्या वेगाच्या तंतूंनी आणलेल्या असतात.

सगळे आवेग सारखेच असतात, तर प्रकाश, आवाज आणि वेदना वेगळ्या कशा जाणवतात?

या विषयातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रश्न हाच. डोळ्याकडून येणारा आवेग आणि कानाकडून येणारा आवेग शेजारी ठेवले, तर कोणता प्रकाशाचा आणि कोणता आवाजाचा हे ओळखता येत नाही. आवेग लहान-मोठाही नसतो; तो पूर्ण उमटतो किंवा उमटतच नाही. स्पर्श हलका की जोराचा, हे आवेग किती वेळा येतात आणि किती तंतूंतून येतात यावरून ठरते. एडगर ॲड्रियन यांनी १९२० च्या दशकात एकेका तंतूतील आवेग नोंदवून हे दाखवले आणि १९३२ च्या नोबेल पुरस्काराचे ते एक मानकरी ठरले.

राहिला प्रकार. तो ठरतो संदेशाच्या वाटेवर, म्हणजे तंतू कोठून निघाला आणि मेंदूत कोठे पोहोचला यावर. मिटलेल्या पापणीच्या कडेला बोटाने हलके दाबले तर प्रकाशाचा ठिपका दिसतो. दाब आला, प्रकाश आला नाही. पण दृष्टिपटलापासून निघालेली वाट मेंदूच्या दृष्टिकेंद्राकडेच जाते, म्हणून दाबसुद्धा प्रकाश म्हणून वाचला जातो. कोपराच्या आतल्या कडेला मार लागला की झिणझिण्या करंगळीत आणि अनामिकेच्या अर्ध्या भागात येतात, कारण तेथे दबलेल्या चेतेचे तंतू त्या बोटांचे असतात. हात किंवा पाय कापावा लागलेल्या माणसाला नसलेल्या अवयवात वेदना होतात, त्याला मनाचे खेळ समजून उडवून लावले जाते, हे अन्यायाचे आहे. अवयव गेला तरी त्याच्या वाटा आणि मेंदूतील त्याची जागा शिल्लक असते, आणि तेथे उमटलेली वेदना खरीच वेदना असते.

दोन चेतापेशींमधल्या फटीत काय घडते?

या जोडणीला चेतासंधी म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात सिनॅप्स. फट सुमारे २० नॅनोमीटरची, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाइतकी असते. आवेग अक्षतंतूच्या टोकाशी पोहोचला की कॅल्शियम आत शिरते, तेथील सूक्ष्म पिशव्या फुटतात आणि त्यांतील रसायन फटीत सांडते. पलीकडच्या पेशीवरील ग्राही रेणूंना ते चिकटते आणि ती पेशी उत्तेजित होते किंवा शांत केली जाते. शांत करण्याचे काम उत्तेजित करण्याइतकेच महत्त्वाचे आहे. ते ढासळले तर आकडी येते.

हे काम रसायनाने होते याचा पुरावा ओटो लोवी यांनी १९२१ मध्ये दिला. धडधडणारी दोन बेडूक-हृदये त्यांनी द्रावणात ठेवली. पहिल्याकडे जाणारी व्हेगस नावाची चेता उद्दीपित केल्यावर त्याचे ठोके मंदावले. त्याच्या भोवतीचे द्रावण दुसऱ्यावर घालताच, कोणत्याही चेतेला हात न लावता, तेही मंदावले. ते रसायन ॲसिटिलकोलीन होते.

औषधे आणि विषे यांचा मोठा भाग याच फटीत काम करतो. बोटुलिनम विष ॲसिटिलकोलीन बाहेर पडूच देत नाही, म्हणून स्नायू लुळे पडतात. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके ॲसिटिलकोलीनचा निचरा करणारे विकर बंद पाडतात, म्हणून लाळ, घाम, स्नायूंची थरथर आणि अखेर श्वासाचा अडथळा निर्माण होतो. कंपवातात मेंदूच्या तळाशी असणाऱ्या डोपामिन हे संदेशवाहक रसायन बनवणाऱ्या पेशी नष्ट होतात.

मेंदूच्या कोणत्या भागाचे काय काम आहे?

प्रमस्तिष्काच्या मागच्या भागात दृष्टी, कानशिलामागे श्रवण, डोक्याच्या मध्यभागी आडव्या पट्टीत हालचाल आणि तिच्या लगेच मागे स्पर्श, अशी ढोबळ मांडणी सांगता येते. अनुमस्तिष्क तोल आणि हालचालींचा सुबकपणा सांभाळते. मस्तिष्कपुच्छ, म्हणजे मेंदूचा मेरुरज्जूला जोडलेला सर्वांत खालचा भाग, श्वसन आणि हृदयाच्या ठोक्यांवर नियंत्रण ठेवते. म्हणूनच तेथील लहानशी इजाही प्राणघातक ठरू शकते.

या ज्ञानाचा मोठा भाग रुग्णांनी दिलेला आहे. पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये ज्या रुग्णाचा अभ्यास केला, त्याला बोललेले समजत होते, परंतु तोंडून ‘टॅन’ हे एकच अक्षर निघत होते; मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात इजा आढळली. १९५३ मध्ये अपस्मारावर (आकडीच्या आजारावर) उपाय म्हणून हेन्री मोलेसन या रुग्णाच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग बराचसा काढण्यात आला. त्यानंतर २००८ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्यांना नवी घटना लक्षात ठेवता आली नाही. तरीही आरशात पाहून चित्राची कड गिरवण्याचा सराव दिला, तेव्हा त्यांचा हात दिवसागणिक सुधारत गेला, जरी हे काम आपण पूर्वी केले आहे याची त्यांना आठवण नसे. स्मृती एक नसून अनेक प्रकारची असते आणि प्रत्येकीची वाट निराळी असते, हे आपल्याला त्यांच्यामुळे कळले.

आपण मेंदूचा फक्त १० टक्के भाग वापरतो, हे खरे आहे का?

खरे नाही. सुमारे १.४ किलो वजनाचा, म्हणजे शरीराच्या साधारण २ टक्के असलेला मेंदू विश्रांतीतही शरीराच्या ऊर्जेचा सुमारे २० टक्के वाटा घेतो. नऊ भाग रिकामे ठेवून इतका खर्च शरीराला परवडणार नाही, आणि इजा झाली तरी काहीच बिघडत नाही असा मोठा रिकामा प्रदेश मेंदूत सापडलेला नाही.

मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाल्यावर उजवा हात-पाय का लुळा पडतो?

हालचालीचा आदेश नेणारे बहुसंख्य तंतू मस्तिष्कपुच्छाच्या खालच्या टोकाशी एकमेकांना ओलांडून विरुद्ध बाजूला जातात, म्हणून.

मेरुरज्जू फक्त मेंदूचे निरोप पोहोचवतो का?

नाही. तो स्वतः निर्णयही घेतो. गुडघ्याच्या वाटीखाली हातोडीने हलके ठोकले की मांडीचा स्नायू ताणला जातो, ही बातमी मेरुरज्जूत पोहोचते, तेथे एकच चेतासंधी ओलांडून थेट त्याच स्नायूच्या चालक पेशीकडे जाते आणि पाय झटकला जातो. हे सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत घडते. मेंदूला नंतर कळते. डॉक्टर ही प्रतिक्षिप्त क्रिया तपासतात ती केवळ रीत म्हणून नव्हे. झटका नाहीसा झाला असेल तर बहुधा त्या वाटेवरच बिघाड असतो, आणि तो जास्त जोराचा असेल तर वरून येणारे मेंदूचे नियंत्रण सुटलेले असू शकते.

मेरुरज्जू सुमारे ४५ सेंटिमीटर लांब असतो आणि कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो, तर कणा त्याच्या खूप खालपर्यंत जातो. ‘पाठीतून पाणी काढायचे’ म्हटल्यावर घरचे लोक घाबरतात. परंतु सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या मणक्यांच्या आसपास घातली जाते, जेथे रज्जू नसून द्रवात तरंगणारे चेतांचे धागे असतात. शरीर हा मस्तिष्क-मेरुद्रव दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर बनवते आणि एका वेळी तो जेमतेम १५० मिलिलिटर असतो, त्यामुळे तपासणीसाठी काढलेले थोडे द्रव काही तासांत भरून निघते.

स्वायत्त चेतासंस्था इच्छेने ताब्यात ठेवता येते का?

थेट नाही, आणि एका अर्थी हे आपले भाग्य आहे, कारण ठोके आणि पचन लक्षात ठेवून चालवावे लागले असते तर झोप अशक्य झाली असती. अनुकंपी विभाग संकटात हृदयाची गती वाढवतो, बाहुल्या विस्फारतो, पचन मागे टाकतो; परानुकंपी विभाग याच्या उलट काम करतो. श्वास मात्र दोन्ही बाजूंचा आहे. तो आपोआप चालतो आणि इच्छेनेही बदलता येतो, म्हणून संथ, दीर्घ उच्छ्वासाने ठोके काहीसे मंदावतात. आतड्यांच्या भिंतीत तर कोट्यवधी चेतापेशींचे स्वतःचे जाळे असते, जे मेंदूशी संबंध तुटला तरी अन्न पुढे ढकलण्याचे काम करू शकते.

पायाला मुंग्या येणे हे नेहमी चेतांच्या आजाराचे लक्षण असते का?

मांडी घालून बसल्यावर येणाऱ्या आणि काही मिनिटांत जाणाऱ्या मुंग्यांची काळजी करू नये. दाबामुळे संदेश अडलेला असतो आणि दाब सुटल्यावर तंतू काही काळ अनियमित आवेग सोडतात. मात्र दोन्ही पावलांत सुरू होऊन हळूहळू वर चढणाऱ्या, आठवडे टिकणाऱ्या मुंग्या किंवा बधिरपणा वेगळा. सर्वांत लांब तंतूंचे पोषण सर्वांत अवघड असल्याने मधुमेहात पावलांचे तंतू प्रथम निकामी होतात आणि बधिरपणा मोज्यासारखा पसरतो. बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेतही असे घडते. तपासणी लवकर झाली तर ही कमतरता भरून काढता येते. उशीर झाला तर झालेली हानी पूर्ण भरून येईलच असे नाही. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट रात्री बधिर होत असेल, तर मनगटात दबणाऱ्या चेतेचा विचार करावा लागतो.

तुटलेली चेता पुन्हा जुळते का?

परिघीय भागात पेशीकाय शाबूत असेल तर तुटलेला तंतू दिवसाला सुमारे १ मिलिमीटर या गतीने वाढू शकतो. कोपरापाशी तुटलेल्या चेतेला हातापर्यंत पोहोचायला म्हणूनच वर्षाच्या आसपास वेळ लागतो, आणि तोवर व्यायामाने सांधे मोकळे ठेवणे अत्यंत आवश्यक असते. वाढणाऱ्या तंतूला जुन्या आवरणाची नळी वाट दाखवते. वाट चुकली तर बोटाला स्पर्श केल्यावर शेजारच्या बोटाला झाल्यासारखे वाटते. मेंदू आणि मेरुरज्जूत मात्र तेथील मायलिनमधील काही प्रथिने आणि जखमेच्या जागी होणारा व्रण ही वाढ अडवतात. तेथे जी सुधारणा दिसते ती बहुतांशी वाचलेल्या पेशींनी नव्या जोडण्या केल्याने होते, आणि फिजिओथेरपीचा उपयोग याच जोडण्या घडवण्यासाठी आहे.

कोणत्या लक्षणांत एक क्षणही थांबू नये?

चेहऱ्याची एक बाजू अचानक ओघळणे, एक हात किंवा पाय अचानक कमजोर होणे, बोलणे अडखळणे किंवा न समजणे, एकाएकी दिसेनासे होणे, आजवर कधी न झालेली भयंकर डोकेदुखी. ही पक्षाघाताची लक्षणे असू शकतात. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद झाली असता मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा अंदाज आहे. गुठळी विरघळवणारे औषध सामान्यतः लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत दिले जाते, आणि त्याआधी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. लक्षणे थोड्या वेळाने आपोआप ओसरली तरी रुग्णालयात जावेच, कारण पुढचा मोठा झटका पुष्कळदा पहिल्या काही दिवसांतच येतो. रुग्ण शेवटचा ठीक कधी दिसला होता, ती वेळ लिहून न्यावी. डॉक्टर हा प्रश्न सुरुवातीलाच विचारतात.